इतर कारणे

फॉर्मवर सहा चौकोन आहेत.
किंमत. पल्ला. चार्जिंग. बॅटरीची धास्ती.
माहितीचा अभाव.
आणि तळाशी, बोटभर रेघेसह : इतर कारणे.
गिऱ्हाईक विजेची गाडी न घेता गेलं
की त्याच संध्याकाळी एकावर खूण करायची,
असा आमच्या शोरूमचा नियम.

इद्वल प्रॉसर तीन शनिवार आले.
पाँटिप्रिदपासून वर, ऱ्हॉन्डाच्या खोऱ्यातून.
जन्मभर बॉयलर दुरुस्त केलेला माणूस,
नखांच्या कडा अजून काळ्या.
पहिल्या शनिवारी फक्त बॉनेट उघडायला लावलं,
आत वाकून पाहिलं,
"इथे तर काहीच नाही," म्हणाले,
जेवायला बोलावलेल्या घरात
चूलच दिसू नये, तसे.

दुसऱ्या शनिवारी चालवली.
खिंडीच्या चढाला गाडी अशी सुटली
की डोक्यावरची टोपी मागच्या सीटवर.
हसले. शाळा चुकवलेल्या पोरासारखे हसले.
मला वाटलं, झालं काम.
टेबलाशी बसून मी हिशेब मांडला,
पेट्रोलपंप नाही, ऑइल बदलणं नाही,
अॅबरिस्टविथला लेकीकडे जाऊन यायला
वाटेत फार तर एक थांबा, एक कॉफी.

"पंधरा वर्षांपूर्वी इथेच बसलो होतो," ते म्हणाले,
"तुझ्या खुर्चीत टाय लावलेला एक मुलगा होता.
डिझेल घ्या म्हणाला. हवेला बरं, टॅक्सही कमी.
आता त्याच डिझेलकडे बघून लोक नाक मुरडतात.
तो मुलगा कुठे असतो गं सध्या?"

मला काय ठाऊक.

आमच्या खोऱ्यात उद्याचा दिवस विकायला
पुष्कळ जण येऊन गेले.
त्यांच्या वडिलांना कोळशाने विकला,
भावाला टीव्हीच्या कारखान्याने,
त्याच्या फाटकावर आता वेल चढलाय.
दुधाने पोळलेला ताक फुंकतो, खरं आहे.
पण दूध कोण तापवत होतं, हे कुणी विचारत नाही.

तिसऱ्या शनिवारी ते गल्लीचं चित्र काढून घेऊन आले,
लिफाफ्याच्या पाठीवर.
चित्राची गरज नव्हती, माझीही गल्ली तशीच.
घराला घर चिकटलेलं,
दार उघडलं की फुटपाथ, फुटपाथ संपला की रस्ता.
रात्री गाडी मिळेल तिथे लावायची,
कधी दारात, कधी चार घरं सोडून.
प्लग आत, गाडी बाहेर,
मधली जागा सगळ्यांची.

"वायरवर रबरी पट्टी टाकता येते," मी म्हणाले.

त्यांनी बारा नंबरच्या घरावर बोट ठेवलं.
"इथे मॉरविद राहते. पांढरी काठी.
पावाच्या दुकानापासून दारापर्यंत
दोनशे अकरा पावलं, तिची मोजून पाठ झालेली.
त्यात तुझी पट्टी कितव्या पावलाला बसवू?"

कौन्सिलला पत्र लिहिलंय म्हणाले,
दिव्याच्या खांबाला सॉकेट बसवा म्हणून.
उत्तर आलं. तारीख आली नाही.

मी शेवटचं हत्यार काढलं.
गाडी अंगणात हळू फिरवली,
सावकाश चालताना ती मुद्दाम गुणगुणते,
न दिसणाऱ्यांना कळावं म्हणून.
डोळे मिटून ऐकत राहिले.
"छान आहे," म्हणाले. "पण ही कुणीही असू शकते.
माझ्या डिझेलचा खोकला ती कोपऱ्यावरून ओळखते,
आणि केटल ठेवते."

मग टोपी घालून गेले.
मागच्या आवारात माझी लाल पेट्रोलगाडी उभी होती.
तिच्यासाठी मला कुणी फॉर्म भरायला लावत नाही.

सहाला पेन हातात घेतलं.
चार्जिंगवर खूण केली असती तर खोटी नसती.
खरीही नसती.
शेवटी तळाच्या रेघेवर लिहिलं :
मॉरविद, बारा नंबर.

सोमवारी कार्डिफहून साहेबांचा फोन.
"ही मॉरविद कोण? गिऱ्हाईक आहे का?
नंबर असेल तर पाठव."
मी म्हणाले, नाही,
ती गाडी चालवत नाही.